बारला खांद्यावर बसू द्या

(कोल्हापुरातल्या एका पेठेच्या तालमीत रविवारी सकाळी दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

वस्तादांचा निरोप आला की पोरं फ्रंट स्क्वॉट, म्हणजे वजनाचा बार समोरून खांद्यावर घेऊन बैठका, मारतात आणि नंतर मनगटं धरून बसतात, जरा येऊन बघा. म्हणून आलोय. तालमीत बारबेल आला हे बरंच झालं, पण पैलवानाचा हात म्हणजे पकडीचा हात. समोर येईल ते मुठीत आवळायचं, हीच त्याला सवय. बारसुद्धा तो तसाच आवळतो. मूठ आवळली की कोपर खाली येतं, कोपर खाली आलं की बार खांद्यावरून सुटून तळव्यावर येतो, आणि मग ६०-७० किलो मागं वाकलेल्या मनगटावर लोंबकळतात. कळ येणारच.

हे मी भोगलेलं आहे. सुरुवातीला ज्या जिममध्ये जायचो तिथं एकच शिकवण होती, "घट्ट धर, सोडू नको." एकदा ८० किलोला तिसऱ्या बैठकीत खाली गेलो, कोपर ढळलं आणि बार पुढं घरंगळला. रॅकच्या, म्हणजे बार ठेवायच्या घोडीच्या, आडव्या पिना होत्या म्हणून मांड्या वाचल्या. पण पुढं पंधरा दिवस भाकरी मोडताना उजव्या मनगटातून कळ जायची. आई म्हणायची, डाव्या हातानं जेव.

आता जोतिबाची चैत्र यात्रा डोळ्यापुढं आणा. सासनकाठीचा भार अंगावर घेणारा वेगळा आणि दोर धरून चौबाजूंनी तोल सांभाळणारे वेगळे. दोर धरणाऱ्यानं काठी उचलायला जायचं नसतं. फ्रंट स्क्वॉटमध्ये तुमची बोटं म्हणजे ते दोर. भार खांद्यानं घ्यायचा.

हे नुसतं ऐकून पटत नाही, म्हणून ये रे, तू ये पुढं. अंगाला तेल लावलंयस होय? मग आधी पुसून ये, नाहीतर बार साबणासारखा सटकेल. (हशा.) हं. हा मोकळा बार, २० किलोचा. रॅकवर छातीच्या वरच्या भागाच्या उंचीला ठेवलाय. आता दोन्ही हात समोर सरळ कर, झोपेत चालल्यासारखे. बघा, हात वर गेले की खांद्याचा पुढचा गोळा फुगतो आणि गोळा व गळा यांच्या मधे एक कट्टा तयार होतो. बार त्या कट्ट्यावर, गळ्याला जवळजवळ टेकून. श्वास अडकतोय? हनुवटी थोडी वर घे, बार गळ्यावर दाबू नको. आता हात न लावता एक बैठक मार. पडला का बार? नाही. मग इतके दिवस तू मुठीत काय धरत होतास?

आता तसाच उभा राहून कोपरं वाकव आणि बोटं बाराखाली सरकव. तर्जनी आणि मधलं, दोनच. अंगठ्याची गरज नाही. कोपरं समोर बघताहेत, दंड जमिनीला जवळपास समांतर. बोटं खांद्याच्या थोडी बाहेर. टोचतंय? मग दोन बोटं अंतर वाढव. काहींचा कोपरापासून मनगटापर्यंतचा हात दंडापेक्षा लांब असतो. अशा माणसाला अरुंद पकड कधीच बसत नाही, त्यानं रुंद धरावं. शेजारच्याची पकड बघून आपली ठरवू नका.

पण तुमच्यातल्या बऱ्याच जणांचं कोपर दोन बोटांनीही वर जाणार नाही. तेव्हा सगळे मनगटाला दोष देतात आणि क्रेप बँडेज गुंडाळतात. अडतं ते बहुतेक वेळा वर. दंडाच्या मागच्या स्नायूचं एक टोक खांदा ओलांडून पाठीच्या फऱ्याला जोडलेलं असतं, काखेखालचा पाठीचा रुंद स्नायू दंडाला खाली ओढतो, आणि वरची पाठ आखडली की छाती उघडत नाही. रोज जोर मारून मारून हे सगळं तुमचं भक्कम झालंय, पण लांबत नाही. उपाय तुमच्या कोपऱ्यात उभा आहे: मुद्गल. मुद्गल डोक्यामागून पाठीवर सोडताना कोपर कुठं जातं बघा, थेट आभाळाकडं. दंडाचा मागचा स्नायू नेमका तिथंच ताणला जातो. बारला हात लावण्याआधी हलका मुद्गल घ्या, सावकाश पंधरा-वीस फेरे. शेवटी बार रॅकवरच ठेवून एक हात लावा आणि दुसऱ्या हातानं त्याचं कोपर हळूहळू वर रेटा.

एवढं करूनही जमत नसेल तर पट्टे लावा. सुती पट्ट्याचा फास खांद्याच्या बाहेर बारला अडकवायचा आणि टोक अंगठा वर ठेवून धरायचं. मनगट सरळ राहतं, कोपर वर राहतं. (मागून कोणीतरी: लंगोटाची पट्टी चालेल का?) नको बाबा, ती ताणते. पट्टा लावला म्हणजे कच्चा, असं कोणी म्हणेल. सांगलीचा वेटलिफ्टर संकेत सरगर तर पट्टा लावत नाही, असंही म्हणेल. संकेतनं २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात रौप्यपदक घेतलं, क्लीन अँड जर्कमध्ये १३५ किलो उचलून. त्याला खांद्यावर घेतलेला बार पुढं डोक्यावर फेकायचा असतो, म्हणून त्याचे हात बारला लागलेच पाहिजेत. शिवाय क्लीनमध्ये, म्हणजे बार जमिनीवरून खांद्यावर घेताना, कोपर गुडघ्याला किंवा मांडीला टेकलं तर लिफ्ट बाद. तुम्हाला मांड्या करायच्यात, बार फेकायचा नाही.

हात छातीवर आडवे टाकून बार धरायची रीतही आहे. वाईट नाही, पण मला फारशी आवडत नाही. एक खांदा नकळत पुढं जातो, आणि थकल्यावर कोपरं खाली येताना कळतच नाही.

बारचंही बघा. स्पर्धेचा पुरुषांचा बार २८ मिलिमीटर जाडीचा असतो, महिलांचा २५ मिलिमीटर आणि १५ किलोचा. बऱ्याच जिममधले स्वस्त बार त्याहून जाड असतात आणि त्यांची टोकं फिरत नाहीत. कोपर वर करताना बार अडून बसतो, मनगट पिळतं. तुमच्या बारची टोकं गच्च झालीयेत, मघाशी फिरवून बघितली. तेलाचे चार थेंब अंगाऐवजी तिथं टाका.

बस, मार पाच. कोपर... कोपर! वर येताना आधी कोपर उचल. हं. मनगट दुखलं का? नाही? मग तोंड का वाकडं? गळ्याच्या हाडाला टोचतंय होय. कट्ट्यापेक्षा बार थोडा वर गेलाय. रॅकवर ठेव, खांदे जरा पुढं आणि वर आण, आणि पुन्हा घे.