सरतपास कामगाराच्या तोंडून

नमस्कार श्रोतेहो.

ठाण्यात मी कामगार कायद्याची वकिली करते. दर शनिवारी दुपारी पाच-सहा तरुण वकील माझ्या ऑफिसात जमतात. कलमं त्यांना येतात. आम्ही सराव करतो तो साक्षीदाराला प्रश्न विचारण्याचा, कारण कॉलेजात नेमकं तेच राहून जातं.

याची निकड मला एका प्रकरणाने दाखवली. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यातून काढलेला एक कामगार माझा अशील होता. त्याच्या सरतपासाचं, म्हणजे आपल्याच वकिलामार्फत द्यायच्या साक्षीचं, शपथपत्र मी इंग्रजीत दाखल केलं होतं. उलटतपासात समोरच्या वकिलांनी ते त्याच्या हातात दिलं आणि एवढंच विचारलं, "पाचव्या परिच्छेदात काय लिहिलंय?" त्याने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "मला इंग्रजी वाचता येत नाही, साहेब. मॅडमनी लिहिलं, मी सही केली." त्यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं, त्यानेच मला सांगितलेलं होतं. पण त्या एका उत्तराने ते शपथपत्र त्याचं राहिलं नाही, माझं झालं. ती चूक माझी होती, आणि किंमत मोजली त्याने.

तेव्हापासून आमच्याकडे पहिला धडा हाच. अशिलाला आधी बोलू द्यायचं, मराठीत लिहायचं, वाचून दाखवायचं, आणि तो "असं नव्हतं हो" म्हणाला की खोडायचं.

सरावासाठी वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक लेथ ऑपरेटर काका येतात. ते साक्षीदार होतात. परवा एका मुलीने त्यांना विचारलं, "तुम्ही सुपरवायझर होता ना?" काका म्हणाले, "हो, कार्डावर तसंच होतं." झालं! आता समोरचा वकील 'हा कामगारच नाही' म्हणायला मोकळा. पण कायद्याने 'कामगार' कोण, हे ठरतं प्रत्यक्ष कामावरून, पदाच्या नावावरून नाही; १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातही तसंच होतं. मग आम्ही प्रश्न बदलले. आठ तासांत मशिनवर किती वेळ उभे असायचात? पोरांची रजा कोण मंजूर करायचं? कुणाला मेमो द्यायचा अधिकार होता का? काका म्हणाले, "मेमो? मलाच दोनदा मिळाला होता." या उत्तरांतून माणसाचं खरं काम न्यायाधीशांसमोर उभं राहतं. ऐरोली-महापेच्या आयटी कंपन्यांतल्या 'टीम लीड' मुलांनाही हेच प्रश्न लागू पडतात.

दुसरी गोष्ट हिशोबाची. कामावरून कमी केल्याच्या तारखेपासून मागच्या बारा महिन्यांत कामाचे २४० दिवस भरले, तर एक महिन्याची नोटीस किंवा तिच्याऐवजी पगार आणि भरपाई दिल्याशिवाय कामगाराला कमी करता येत नाही. महिन्याचे २६ दिवस धरून नऊ महिने मोजले, की २३४ येतात, आणि नवा वकील तिथेच खचतो. पण सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच अमेरिकन एक्स्प्रेस बँकेच्या प्रकरणात सांगितलं आहे की पगारी रविवार आणि पगारी सुट्ट्याही यात धरायच्या. सहा दिवसांसाठी माणसाचा हक्क जातो किंवा राहतो! नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या जुन्या कायद्याच्या जागी आलेल्या २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही हा २४० चा आकडा कायम आहे, त्यामुळे हे गणित बोटांवर हवंच.

हे दिवस सिद्ध करण्याचा भार मुळात कामगारावर असतो. हजेरीपट मात्र मालकाच्या कपाटात. म्हणून तो हजर करण्याचा अर्ज वेळेवर द्यायचा, आणि तोवर अशिलाच्या घरातली पत्र्याची पेटी उघडायला लावायची. पीएफचा उतारा, ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड, बोनसची पावती, गेटपास. एका बाईंनी कंपनीच्या कॅन्टीनची कुपनं जपून ठेवली होती, तारखांचे शिक्के असलेली. आम्ही ती जमिनीवर महिन्यावार मांडली तेव्हा खोलीत कुणी बोलत नव्हतं.

मालकांच्या बाजूने उभे राहणारे वकीलही शनिवारी येतात, आणि मला ते हवे असतात. खातेनिहाय चौकशी, म्हणजे कामगारावरच्या आरोपांची कंपनीतलीच चौकशी, नीट चालवणारा वकील असेल, तर दोन्हीकडची वर्षं वाचतात.

येत्या शनिवारी काका चौकशी अधिकारी होणार आहेत. त्यांनी आत्तापासूनच विचारलंय, "मी मध्येच चहा सांगितला तर चालेल ना?" मी म्हटलं, सांगा, पण रोजनाम्यात, म्हणजे कामकाजाच्या नोंदीत, लिहा, किती वाजता सांगितला ते.

नमस्कार.