संस्था मोजल्या, माणसं मोजायची राहिली

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय आपल्या शहरांमधल्या स्वयंसेवी संस्थांबद्दल, म्हणजे त्या आहेत किती, पैसा येतो कुठून आणि तिथे राबतं कोण. वेळ थोडा आहे म्हणून आकडे आधी उरकून घेते.

2008 पर्यंत देशात नोंदल्या गेलेल्या ना-नफा संस्था केंद्रीय सांख्यिकी कार्यालयाने मोजल्या तेव्हा आकडा आला जवळपास 32 लाख, आणि त्यात महाराष्ट्र पहिला, 4 लाख 80 हजारांच्या घरात. मग पुढच्या टप्प्यात माणसं प्रत्यक्ष पत्त्यांवर गेली. 22 लाखांच्या आसपास पत्ते पालथे घातले आणि संस्था सापडल्या 7 लाखांच्या आत. परत सांगते, शोधल्या 22 लाख, सापडल्या 7 लाख. आता याचा अर्थ बाकीच्या सगळ्या बोगस असं काही लोक लगेच म्हणतात, तसं नाहीये हो. आपल्याकडे 1860 च्या सोसायटी कायद्याखाली सात माणसं जमली की संस्था नोंदता येते, वर 1950 च्या विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडेही नोंद करावी लागते, त्यामुळे शाळा चालवणारी संस्था, क्रीडा मंडळ, महिला मंडळ सगळं एकाच रजिस्टरमध्ये. संस्था थंडावली तरी नाव काढायला कुणी जात नाही. ऑफिस ज्यांच्या घरी होतं ते घर पाडून तिथे बिल्डिंग उभी राहिली, अध्यक्ष वारले, चेंज रिपोर्ट, म्हणजे पत्ता किंवा पदाधिकारी बदलल्याची धर्मादाय कार्यालयाला द्यायची माहिती, भरायचा राहिला, बस.

तर यादीवरून शहराचं काम कळत नाही. कळतं कशावरून ते सांगायला मला एक गोष्ट सांगायचीय, आणि ती जरा सविस्तर सांगणारे.

एका शहरात संस्थांची माहिती गोळा करायचं काम चाललं होतं, कॉलेजची मुलं फॉर्म घेऊन फिरत होती आणि मी त्यांच्यासोबत जायचे. एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर रुग्णसाहित्य केंद्र होतं. तुम्हाला माहितीच असेल, डिपॉझिट ठेवायचं, कॉट, वॉकर, कमोड चेअर, एअर बेड घरी न्यायचं आणि पेशंट बरा झाला किंवा गेला की परत आणून द्यायचं. दोन खोल्या, भिंतीला टेकवून उभ्या केलेल्या कॉट, कोपऱ्यात कुबड्यांचा गठ्ठा, डेटॉलचा वास. टेबलाशी एक काका, निवृत्त झालेले, समोर एअर बेडची मोटर उघडून बसलेले, स्क्रू हरवू नयेत म्हणून एका वाटीत काढून ठेवलेले.

मुलाने फॉर्म काढला. पगारी कर्मचारी किती? काका म्हणाले, शून्य. वार्षिक उलाढाल? इतकी कमी की त्या पोराने दोनदा विचारलं. झालं, फॉर्मनुसार ही संस्था म्हणजे जवळजवळ काहीच नाही. तेवढ्यात फोन वाजला, एका बाईच्या सासऱ्यांना हॉस्पिटलमधून घरी सोडत होते आणि संध्याकाळपर्यंत कॉट हवी होती. काकांनी ड्रॉवरमधून एक लांबडी वही काढली. मी म्हटलं काका बघू का, तर त्या वहीत रोज कोण किती वाजता आलं, काय केलं, सगळं! कुणी कॉट धुतली, कुणी हँडलला ऑइल घातलं, कुणी डिपॉझिटची पावती फाडली, कुणी तिसऱ्या मजल्यावर कॉट चढवली. अकरा माणसं आळीपाळीने येत होती, दोघी तर शिवणाचं काम संपवून यायच्या, गाद्यांची कव्हरं शिवायला. मी मुलांना सांगितलं या महिन्याचे तास मांडा. बेरीज झाली तेव्हा तीन माणसांची पूर्ण वेळ नोकरी भरेल एवढं काम निघालं. फॉर्मवर शून्य होतं.

पुढचा भाग मला जास्त आवडतो. एका कंपनीने या केंद्राला सीएसआरमधून, म्हणजे कंपन्यांना सामाजिक कामावर जो खर्च करावा लागतो त्यातून, वीस नवीन कॉट देऊ केल्या. काका म्हणाले, कॉट नकोत, आहेत त्याच पोचवायला माणूस नाही, मला एक माणूस आणि टेम्पोचं भाडं द्या. कंपनीकडून उत्तर आलं की पगार म्हणजे अ‍ॅडमिन खर्च, तो बसत नाही. काकांनी कॉट नाकारल्या. पुन्हा सांगते, फुकट मिळणाऱ्या वीस कॉट नाकारल्या, ठेवायच्या कुठे आणि उचलायच्या कुणी म्हणून! बरेच महिने तसेच गेले, मग त्याच कंपनीत एक नवीन मॅडम आल्या, त्यांनी नियम नीट वाचला. 5 टक्क्यांची मर्यादा आहे ती कंपनीने स्वतःचा सीएसआर विभाग चालवायला केलेल्या खर्चावर, प्रकल्प प्रत्यक्ष राबवायचा खर्च त्यात धरत नाहीत. कॉट घरपोच पोचवणं हाच प्रकल्प असं त्यांनी लिहिलं, आणि त्या केंद्रात पहिला पगारी माणूस आला. काका त्याला पहिल्या दिवशी जिना चढताना कॉट कशी तिरकी धरायची ते शिकवत होते.

आता पैशाचं थोडक्यात. 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 135 प्रमाणे मोठ्या कंपन्यांनी तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सीएसआरवर खर्च करायची असते. परदेशी देणगी घ्यायची तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी लागते, आणि 2020 च्या दुरुस्तीत अशा देणगीतून करायच्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आणली. म्हणजे सगळीकडून एकच सूर, वस्तूला पैसे आहेत, माणसाला नाहीत. मग संस्थेत काम करणारी मुलगी एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, करून येते, तुटपुंज्या मानधनावर राबते, प्रोजेक्ट संपला की घरी. एनएसएसच्या, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेतल्या कॉलेजच्या मुलांचं कामही असंच मोजायचं राहतं, वर्षाला 120 तास काम करायचं असतं, योजना 1969 पासून चालूये, पण ते तास शहराच्या कामात कुणी धरतं का? त्या मुलांना कॅम्पला झाडं लावायला नेण्यापेक्षा अशा केंद्रांमध्ये आठवड्याला दोन तास बसवा की.

असो. मुद्दा एवढाच, शहरातल्या संस्था मोजायच्या तर माणसांचे तास मोजा. पगारी आणि बिनपगारी दोन्ही. तुम्ही एखाद्या संस्थेत जात असाल तर आपल्या येण्याजाण्याची वही ठेवा, साधी शंभर पानी चालेल, वार्षिक अहवालात त्या तासांची बेरीज छापा, धर्मादाय कार्यालय मागत नसलं तरी छापा. आणि देणगी देणार असाल तर ती कॉटसाठी, कपाटासाठी, पाटीवरच्या नावासाठी असं अडकवू नका. पावतीवर चालू खर्चासाठी असं लिहून घ्या, म्हणजे त्यातून लाइट बिल भरता येईल आणि कॉट पोचवणाऱ्याचा पगारही. नमस्कार.