श्वास सोडण्याविषयी

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘श्वसन आणि वायूंची देवाणघेवाण’. त्यावर येतोच. पण आधी सगळ्यांनी नाक-तोंड मिटून घ्या. मागच्या रांगेतल्या काकू, तुम्हीसुद्धा. छातीत तगमग सुरू झाली ना? ती प्राणवायू संपला म्हणून नव्हे, तो रक्तात अजून पुष्कळ आहे. कार्बन डायऑक्साइड साचला, रक्ताची आम्लता जराशी वाढली आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या श्वसनकेंद्राने ओरडा सुरू केला. शरीराला घाई असते ती बाहेर टाकायची. सोडा आता.

आपण श्वास घेण्याचं कौतुक करतो, सोडण्याकडे कुणी बघत नाही. हे मला पुस्तकाआधी घरात कळलं.

माझे वडील इथल्याच एका कापड गिरणीत कार्डिंग खात्यात, म्हणजे कापूस पिंजण्याच्या खात्यात होते. पाळी सुटून आले की भुवया, कानांवरची लव, सगळं पांढरं. आई दारातच पंच्याने झटकायची. सुट्टीनंतर कामावर गेले की त्या दिवशी त्यांची छाती आवळायची. आठवडा सरता सरता बरं वाटायचं. मुकादम म्हणायचा, सुट्टी अंगात भिनलीय. एका डॉक्टरांनीही कामाचा कंटाळा ठरवून खोकल्याची बाटली हातात दिली. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस सुरुवातीला नेमका असाच वागतो: सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी जास्त. आळशी ठरला तो माणूस, आणि आकसत होत्या त्याच्या श्वासनलिका.

श्वास घेताना छाती फुगते, तशा नळ्याही ताणून उघडतात. सोडताना त्या अरुंद होतात. आधीच आकसलेल्या असतील तर हवा आत अडकून पडते. वडील रात्री उंबऱ्यावर बसायचे, कोपरं गुडघ्यांवर टेकून, शीळ घालताना करतो तसे ओठ करून हळूहळू फुंकर घालत. आम्हा पोरांना वाटायचं चहा निववतायत. पण हातात कप नसायचा. पुढे वैद्यकीच्या अभ्यासात तीच फुंकर भेटली. ओठ आवळले की नळ्यांत दाब टिकून राहतो, त्या लवकर मिटत नाहीत. वडिलांना हे कुणी शिकवलं नव्हतं.

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं उरलीत. छापलेला विषय घेतो.

शांत बसलेला माणूस एका श्वासात सुमारे ५०० मिलिलिटर हवा घेतो. त्यातली १५० नळ्यांतच राहते, उरलेली वायुकोशांत, म्हणजे फुफ्फुसातल्या हवेच्या इवल्या पिशव्यांत. कोट्यवधी वायुकोश, सगळे पसरले तर सुमारे ७० चौरस मीटर. त्यांच्या आणि केशवाहिन्यांच्या, म्हणजे अगदी बारीक रक्तवाहिन्यांच्या, मधला पडदा साधारण अर्ध्या मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरचा दोन हजारावा भाग. वायुकोशात प्राणवायूचा दाब पाऱ्याच्या मापात १०० मिलिमीटर, येणाऱ्या रक्तात ४०. उतारावरून पाणी जावं तसा तो रक्तात जातो, हिमोग्लोबिनला चिकटतो. कार्बन डायऑक्साइडचा रक्तात ४६, वायुकोशात ४०. उतार सहाचाच, पण हा वायू पडद्यातून वीसपट सहज जातो. तांबडी पेशी तिथे पाऊण सेकंद असते, आणि त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात काम उरकतं. पण वायुकोशातली शिळी हवा बाहेरच गेली नाही तर दोन्ही उतार सपाट होतात. उंबऱ्यावरची ती फुंकर हे उतार राखायला होती.

वेळ संपली. दाराशी फुंकर मोजायचं यंत्र ठेवलंय, प्रत्येकाला वेगळी नळी आहे. गिरणीत, यंत्रमागावर ज्यांनी दिवस काढलेत त्यांनी फुंकून जावं. आणि सुट्टीनंतर छाती आवळते असं ज्यांना होतं, त्यांनी आधी माझ्याकडे यावं.