इंग्रजी येतं कुठून?

[दृश्य: पावसाळी सकाळ. खानापूर रस्ता. भाताच्या शेतांमधून जाणारी बस.]

निवेदन:
बेळगावातून खानापूरच्या दिशेनं निघालं की उद्यमबागेतल्या कारखान्यांचा आवाज मागं पडतो आणि मच्छे येतं. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ इथलंच. १९९८ साली सुरू झालेलं. राज्यभरातली अभियांत्रिकी महाविद्यालयं याला जोडलेली. आतली शिकवायची भाषा इंग्रजी. कुंपणाबाहेर भाताची शेतं, आणि बांधावर चाललेलं बोलणं मराठी.

बसची पाटी कन्नड. कंडक्टर कन्नडमध्ये विचारतो, मुलं कन्नडमध्ये उत्तर देतात, आणि तोंड फिरवून मैत्रिणीला मराठीत विचारतात, "गणित केलीस काय गं?" एका श्वासात दोन भाषा. यात आपण काही विशेष करतोय असं त्यांना वाटतही नाही.

[दृश्य: मराठी माध्यमाच्या हायस्कुलातला नववीचा वर्ग. फळ्यावर तीन लिप्यांत तीन ओळी.]

निवेदन:
तास इंग्रजीचा आहे. फळ्यावर मात्र तीन भाषा आहेत.

मला इंग्रजी येतं.
ननगे इंग्लिष बरुत्तदे.
आय नो इंग्लिश.

टीचर विचारतात, "पहिल्या दोन ओळींत इंग्रजी काय करतंय?" मुलं म्हणतात, "येतंय." "आणि तिसऱ्या ओळीत?" वर्ग शांत. मग मागच्या बाकावरून आवाज येतो, "तिथं ते काहीच करत नाही ओ टीचर. तिथं मीच करतो."

मी कॅमेऱ्यामागं होते, आणि माझ्या अंगावर काटा आला. मराठीत भाषा येते, पाऊस येतो तशी. कन्नडमध्येही येतेच, बरुत्तदे म्हणजे येतं. एक भाषा आर्य कुळातली, दुसरी द्राविड, पण शेकडो वर्षं शेजारी राहून दोघींची बोलायची ढब अशी जुळलीय की माणूस आपल्या जागी बसलेला असतो आणि ताप, भूक, राग, भाषा सगळं त्याच्याकडे चालत येतं. मला, ननगे. इंग्रजीत माणसाला उठून पुढं यावं लागतं. आय.

याच वर्गातल्या एका मुलानं मागं रजेचा अर्ज लिहिला होता. त्यात होतं, "टू मी फीवर केम." मला ताप आला. ननगे ज्वर बंदिदे. घरात ऐकलेलं आणि बसमध्ये ऐकलेलं, दोन्ही एकच सांगत होतं, मग त्यानं दुसरं काय लिहावं? टीचरनी त्यावर लाल रेघ मारली नाही. दुसऱ्या दिवशी ते वाक्य फळ्यावर लिहिलं, खाली मराठी लिहिलं, कन्नड लिहिलं, आणि विचारलं, "ताप आपल्याकडे येतो. इंग्रजांकडे काय होतं?" आय हॅव अ फीवर. त्यांच्याकडे ताप माणसाजवळ असतो. तिथपासून या तीन ओळींची सवय लागली.

[दृश्य: जुनं दप्तर, वह्या, गाइडची पानं.]

निवेदन:
मी अशाच एका मराठी शाळेत शिकले. आमच्या इंग्रजीच्या तासाला मराठी शब्द तोंडातून निघाला की हातावर पट्टी बसायची. त्यामुळं आम्ही इंग्रजी बोललो असं झालं नाही. आम्ही गप्प बसायला शिकलो. गाइडमधली उत्तरं पाठ केली, गुण चांगले पडले. मग पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, विज्ञान घेतलं. पहिल्या दिवशी फिजिक्सचे सर तासभर बोलले. त्यातलं मला "ओके" आणि "नेक्स्ट" एवढंच कळलं. गुरुत्वाकर्षण मला चांगलं येत होतं, मराठीत. पण ते मला येतंय हे त्या खोलीत कुणाला कळायचा मार्ग नव्हता. संध्याकाळी बसमध्ये खिडकीकडे तोंड करून रडले.

दहावीपर्यंत मराठी माध्यम, आणि त्यानंतर विज्ञान, डिप्लोमा, इंजिनिअरिंग सगळं इंग्रजीत. पायरी नाही, थेट कडा. एसएसएलसीचा, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या परीक्षेचा, वर्षानुवर्षांचा हिशोब ६२५ गुणांचा: पहिली भाषा १२५, उरलेले पाच विषय शंभर-शंभर. म्हणजे तीन भाषांचेच ३२५, निम्म्याहून जास्त. भाषेवर एवढे गुण खर्च होतात आणि तरी त्या कड्यावरून मूल पडतं, तेव्हा दोष मुलाच्या डोक्यात शोधणं मला पटत नाही.

सीमाप्रश्नावर इथं प्रत्येक घरात मत आहे. माझंही आहे. पण आज मी एका वर्गात बसलेय. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, हे राज्यघटनेत १९५६ पासून लिहिलेलं आहे, अनुच्छेद ३५० अ मध्ये. आणि ६ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं कर्नाटकाच्याच खटल्यात निकाल दिला की प्राथमिक शाळेवर मातृभाषेचं माध्यम सरकारला लादता येणार नाही. सोय करा, सक्ती करू नका. मधल्या जागेत आईबाप उभे आहेत. सकाळी गावातून इंग्रजी शाळांच्या गाड्या भरून जातात. त्या आईबापांना मी नावं ठेवणार नाही. कडा त्यांनीही पाहिलाय. मराठी शाळेतलं इंग्रजी पक्कं झालं, तर त्यांच्यापुढची निवड तरी खरी होईल.

[दृश्य: भाजी मार्केट. बटाट्याची, रताळ्यांची पोती. एक मुलगी आजीबरोबर.]

निवेदन:
वर्गातली ही मुलगी सुट्टीच्या दिवशी आजीबरोबर रताळी घेऊन मार्केटला येते. व्यापारी कन्नड बोलणारा. आजीला वंदु, एरडु, मूरु यापुढं फारसं येत नाही, म्हणून भाव ही करते. पोत्यामागं दहा रुपये कमी करतो म्हटल्यावर ती कन्नडमध्ये जे बोलली ते मी लिहून घेतलंय, पण इथं सांगत नाही. व्यापारी हसला आणि दहा रुपये परत वाढवले.

हे कन्नड तिला कुठल्या धड्यानं दिलं नाही. गरज होती, कान होते, आणि चुकलं तर कुणी मारत नव्हतं. इंग्रजीला गावात असा बाजार नाही. देवळात नाही, शेतात नाही, गिरणीत नाही. ती भाषा फक्त या खोलीत, चाळीस मिनिटं राहते. म्हणून टीचर ती चाळीस मिनिटं पुस्तक वाचून दाखवण्यात घालवत नाहीत. त्या वर्गात बाजार भरवतात. दोन मुलं व्यापारी, बाकीचे शेतकरी, भाव इंग्रजीत. अडलं तर मराठीत विचारायचं, कन्नडमध्ये विचारायचं. फक्त सौदा इंग्रजीत तुटला पाहिजे. पहिल्या आठवड्यात नुसता गोंधळ. आता त्याच मुलीनं समोरच्याला ऐकवलं, "नो, नो. माय ग्रँडमदर विल शाउट ॲट मी." व्याकरण बिनचूक, आणि आजीची धमकी खरी.

उच्चारांचंही तसंच. एका अक्षराचे दोन आवाज हा इंग्रजीचा अन्याय आहे, असं मुलांना वाटतं. टीचर "चार" आणि "चारा" लिहितात आणि मोठ्यानं म्हणायला लावतात. मग "जग", म्हणजे दुनिया, आणि "जग", म्हणजे जगत राहा. लिहायला एकच, बोलायला दोन. मुलं एकमेकांकडे बघतात. जन्मापासून ती हे करत आलीत, आणि कुणी त्यांना सांगितलं नव्हतं.

[दृश्य: वर्गाचं दार. एक मुलगी उशिरा आलेली, छत्री गळतेय.]

निवेदन:
"टीचर, मी आलो ओ."

आमच्याकडे मुली असंच म्हणतात. मी आलो, मी जेवलो. पुण्याला गेल्यावर मला यावरून खूप हसले होते. मी "आले" म्हणायला शिकले, पण घरी आईसमोर अजून "आलो"च निघतं. टीचर त्या मुलीला दारातच थांबवतात आणि वर्गाला विचारतात, कन्नडमध्ये ही काय म्हणाली असती? नानु बंदे. मुलगा असता तर? नानु बंदे. इंग्रजीत? आय केम. मुलगा? आय केम. "मग हिचं 'मी आलो' चुकलं कुठं?" मुलगी दारात उभी, पायांखाली पाण्याचं तळं, आणि चेहऱ्यावर असं काही की कॅमेरा हलवायचं मी विसरले.

[दृश्य: तास संपत आलाय.]

निवेदन:
शेवटची पाच मिनिटं मुलांच्या प्रश्नांची. रजेचा अर्ज लिहिणारा तोच मुलगा उभा राहतो. "टीचर, 'वी' म्हणजे 'आम्ही' की 'आपण'?"

दोन्ही, टीचर सांगतात. कन्नडमध्येही आज "नावु" एकच.

"मग समोरच्याला कसं कळणार, त्याला घेतलंय की सोडलंय?"

टीचर थोडा वेळ फळ्याकडे बघत राहतात. मग म्हणतात, नुसत्या "वी"तून कळत नाही, वेगळं सांगावं लागतं. कसं, ते तुम्हीच सांगा. मुलं खटपट करतात. कुणी हातानं गोल करून दाखवतं. कुणी म्हणतं, "वी, यू ऑल्सो." कुणी, "ऑल ऑफ अस." टीचर सगळी वाक्यं फळ्यावर घेतात, एकही पुसत नाहीत. घंटा होते. बस पकडायची म्हणून मुलं पळतात, आणि तो मुलगा दप्तर खांद्याला लावून अजून फळ्यावरून उतरवून घेतोय.