झाकणावरचे थेंब

मंडळी, कॅनडाच्या क्युबेक प्रांतातले डॉक्टर एरिक डेवाई यांना १९८०च्या दशकात एक साधी गोष्ट हवी होती: स्वच्छ दूध. बाळंतिणींच्या दुधात पीसीबी किती उतरलंय, हे ते मोजत होते. पीसीबी म्हणजे पूर्वी ट्रान्सफॉर्मरच्या तेलात असायचं ते रसायन. तुलनेसाठी जिथं धुराडं नाही, शेतीही नाही अशा जागेचे नमुने हवे होते, म्हणून त्यांनी प्रांताच्या उत्तर टोकाच्या नुनाविकमधल्या इनुइट, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी मातांचं दूध तपासलं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती! तिथं पीसीबी क्युबेकच्या दक्षिणेतल्या बायकांच्या सुमारे पाचपट निघालं.

हे तिथं पोचलं कसं? वरणाचं पातेलं आठवा. खाली उकळतं आणि थेंब जमतात ते गार झाकणावर. उष्ण मुलखातली रसायनं उडतात, गारव्यात खाली बसतात, ऊन पडलं की पुन्हा उडतात. शास्त्रज्ञ याला नाकतोड्याची उडी म्हणतात. पृथ्वीचं झाकण आहे ध्रुवाजवळ. आपल्याकडे कापसाला, तुरीला मारलेलं एंडोसल्फान आठवत असेल. हे कीटकनाशक थेट आर्क्टिकच्या हवेत सापडलंय. २०११मध्ये ते जागतिक बंदीच्या यादीत आलं आणि त्याच वर्षी आपल्या सर्वोच्च न्यायालयानंही ते थांबवलं.

पुढचा हिशेब चक्रवाढ व्याजाचा. प्लवक म्हणजे पाण्यातले सूक्ष्म जीव, मग मासा, सील, बेलुगा देवमासा आणि शेवटी त्यांची शिकार खाणारा माणूस. दर पायरीला विष दाट होत जातं. पीसीबी चरबीत मुरतं, पारा मांसात. पारा बराचसा कोळसा जाळल्यानं आणि सोनं काढताना हवेत जातो. नुनाविकमध्ये वर्षानुवर्षं मुलांचा पाठपुरावा झाला. ज्यांच्या अंगात गर्भातच जास्त पारा गेला होता, त्यांचं शाळेत लक्ष लागण्यात अडचण दिसली.

‘मग खाऊ नका म्हणावं!’ तुम्ही मनात म्हणालाच असाल. मीही म्हणालो होतो. पण तिथं भाजीपाला विमानानं किंवा बोटीनं येतो आणि भाव ऐकून घाम फुटतो. शिकार सोडली की ताटात उरतं ते मैदा, साखर आणि कोला. उलट मक्तुक, म्हणजे देवमाशाची चरबीसकट कातडी, हा तिथला क जीवनसत्त्वाचा जुना आधार. शिकार घरोघरी वाटली जाते. ती नाकारणं म्हणजे शेजाऱ्याचा हात परतवणं. अंगावर पाजणं थांबवा असंही डॉक्टरांनी सांगितलं नाही, कारण त्याचा फायदा मोठा.

१९९९मध्ये नैरोबीत अशा रसायनांवरच्या जागतिक बंदीच्या वाटाघाटी चालू होत्या. इनुइट प्रतिनिधी शीला वॉट-क्लूतिए यांनी तिथं आई आणि बाळाची दगडी मूर्ती भेट दिली. २००१मध्ये या बंदीचा स्टॉकहोम करार झाला. नुनाविकच्या मातांच्या रक्तातलं पीसीबी नंतर बरंच उतरलंय. नवी डोकेदुखी पीएफएएसची: डाग न धरणारं कापड, न चिकटणारे तवे यांच्या घराण्यातली रसायनं.

सल्ला देण्यात मला नुनाविकचीच रीत पटते. त्यांनी देवमाशाचं नाव सरसकट काळं केलं नाही. मूल होण्याच्या वयातल्या बायकांना एवढंच सांगितलं, की बेलुगाचं मांस कमी करा, त्यात पारा जास्त आहे. आणि गरोदर बायकांना तिथलाच, पारा कमी असलेला ‘आर्क्टिक चार’ नावाचा मासा फुकट दिला.