पाकिटातला कागद

मंडळी, तुमच्यापैकी कितीजणांच्या पाकिटात रक्तगट लिहिलेला आहे? बरेच हात वर आले. असू द्या तो. पण रक्त चढवण्याआधी आम्ही गट पुन्हा तपासतोच, क्रॉस-मॅचही करतो, म्हणजे दात्याचं रक्त रुग्णाच्या रक्ताशी जुळतं का ते बघतो. अपघात विभागात मी पाकीट उघडतो ते वेगळंच काही शोधायला.

एका रात्री स्कूटरवरून पडलेल्या एका काकांना आणलं. डोक्याला टेंगूळ, बोलणं असंबद्ध. काकू म्हणाल्या, "हृदयाची एक बारीक गोळी घेतात, रोज रात्री." कुठली? डबीत स्ट्रिपचे कापलेले तुकडे होते, नावाचा भाग कापून कधीच फेकलेला. स्कॅन आम्ही लगेच केला. मात्र गोळी रक्त पातळ करणारी आहे हे मुलाला पुण्यात फोन लागला तेव्हा कळलं आणि तिचा परिणाम उतरवणारं औषध तोवर थांबलं. वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्या माणसाच्या डोक्याला मार लागला की कवटीच्या आत रक्त साचत जाऊ शकतं. तो वाया गेलेला वेळ मला आजही टोचतो.

लकव्यातही तेच. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण ४.५ तासांच्या आत द्यावं लागतं, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तेच जिवावर बेतू शकतं. इन्सुलिन घेणाऱ्याची साखर उतरली की तो अडखळतो, बरळतो. दारू प्यायलाय असं समजून लोक त्याला बाजूला बसवतात.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या टर्लॉक गावी डॉ. मॅरियन कॉलिन्स यांच्या मुलीला धनुर्वातावरच्या प्रतिविषाची (अँटिटॉक्सिनची) जीवघेणी ॲलर्जी झाली. ती वाचली. पुढे तिच्या मनगटावर ॲलर्जीची माहिती कोरलेलं कडं आलं आणि त्यातूनच १९५६ साली मेडिकअलर्ट ही संस्था उभी राहिली.

आपल्याकडे आता १४ आकडी आभा क्रमांक, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा क्रमांक, आहे, पण त्यातली कागदपत्रं रुग्णाच्या संमतीने उघडतात. बेशुद्ध माणूस ओटीपी कसा सांगेल? म्हणून फोनमधली सोय वापरा. आयफोनच्या हेल्थ ॲपमध्ये 'मेडिकल आयडी' असतो, बहुतेक अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये आपत्कालीन माहिती भरता येते. फोन लॉक असला तरी 'इमर्जन्सी' दाबून ती वाचता येते. ती कुणालाही दिसते, तेव्हा आधार क्रमांक, घरचा पत्ता तिथे नको. एखादा आजार चारचौघांत कळू नये असं वाटत असेल तर आजार लिहू नका, औषधाचं नाव तेवढं लिहा.

बॅटरी संपते, काच फुटते, म्हणून कागद हवाच. एक पाकिटात, एक फ्रिजच्या दारावर, १०८च्या डॉक्टरांना आत शिरताच दिसेल असा. गोळ्यांची नावं आणि मात्रा, ॲलर्जी, पेसमेकर, घरच्या दोघांचे नंबर, आणि लिहिल्याची तारीख. गोळी बदलली की कागदही बदला.

पुढच्या टेबलावर कार्डं आणि पेन ठेवलेत. नावं आठवत नसतील तर रिकामं कार्ड घरी न्या, स्ट्रिप समोर धरून उतरवा. आणि उद्यापासून स्ट्रिप कापताना नावाच्या बाजूची गोळी शेवटी घ्या.