ओळखीवर दिलेले कर्ज

संध्याकाळी बाजारपेठेत गर्दी वाढू लागली की पतसंस्थेचा पिग्मी एजंट आपल्या फेरीला निघतो. भाजीवाल्या मावशींकडून पन्नास रुपये, चपला शिवणाऱ्या काकांकडून वीस रुपये घेऊन तो प्रत्येकाच्या खात्यावर नोंद करतो. असे जमलेले पैसे याच बाजारातील कोणाला हातगाडी घेण्यासाठी, तर कोणाला मुलीची फी भरण्यासाठी कर्ज म्हणून मिळतात. ज्याच्याकडे पगारपत्रक नाही आणि प्राप्तिकराचे विवरणपत्रही नाही, त्याला येथे दोन जामीनदारांवर कर्ज मिळते, कारण संचालकांपैकी कोणीतरी त्याला वर्षानुवर्षे ओळखत असते.

१८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली. कर्जबाजारीपणाचा तो प्रश्न पुढेही धुमसत राहिला आणि १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा झाला. आज राज्यातील पतसंस्थांना महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० लागू आहे. त्यानुसार निव्वळ नफ्याचा किमान एक चतुर्थांश भाग राखीव निधीत ठेवावा लागतो, लाभांश १५ टक्क्यांपलीकडे देता येत नाही आणि भाग (शेअर) कितीही असले तरी सभासदाला मत एकच असते. कर्ज थकले तर कलम १०१ खाली सहकारी संस्थांच्या निबंधकाकडून वसुली दाखला मिळतो. या दाखल्यामुळे दिवाणी दाव्याची वर्षे वाचतात आणि छोट्या संस्थेला त्याचा मोठा आधार वाटतो.

मात्र ज्या ओळखीमुळे हातगाडीवाल्याला वीस हजार मिळतात, त्याच ओळखीच्या जोरावर संचालकाच्या नातेवाइकाला पुरेशा तारणाविना मोठी रक्कमही मिळू शकते. पतसंस्था बुडतात तेव्हा बहुधा गरिबांची लहान कर्जे थकलेली नसतात. मोजक्या मोठ्या कर्जदारांकडे संस्थेचे पैसे अडकलेले असतात. म्हणून लेखापरीक्षकाने सर्वात आधी हीच खाती उघडून पाहावीत आणि तेथे कोणाचीही भीड धरू नये, असे आम्हाला मनापासून वाटते. याउलट दोन-तीन कर्मचाऱ्यांच्या संस्थेला प्रत्येक लहान कर्जासाठी मोठ्या संस्थेइतकीच कागदपत्रे जमवावी लागली, तर तो कर्जदार पुन्हा खासगी सावकाराच्या ओट्यावर जाऊन बसेल.

ठेवीदारांच्या सुरक्षिततेचा प्रश्न याहूनही गंभीर आहे. फेब्रुवारी २०२० पासून बँकेतील ठेवींना ५ लाख रुपयांपर्यंत विमा संरक्षण आहे आणि सहकारी बँकांनाही ते लागू आहे. पतसंस्थेतील ठेवींना मात्र हे संरक्षण नाही. पतसंस्थेवर रिझर्व्ह बँकेचे नियंत्रण नसते आणि तिला आपल्या नावात ‘बँक’ हा शब्दही लावता येत नाही. तरीही काउंटर, पासबुक आणि मुदत ठेवीची पावती बँकेसारखीच दिसत असल्यामुळे अनेक ठेवीदारांना हा फरक कळत नाही, आणि जादा व्याजदराची जाहिरात करताना तो ठळकपणे सांगितलाही जात नाही. ठेवीच्या प्रत्येक पावतीवर ही माहिती मोठ्या अक्षरांत छापली गेली पाहिजे.

संस्था अडचणीत आली की निबंधक प्रशासक नेमतात, चौकशी सुरू होते आणि दाखले निघतात. या सर्व कार्यवाहीला वेळ लागतो. दरम्यान, भाजीवाल्या मावशी पासबुक घेऊन पिग्मी एजंटाच्या दारात उभ्या असतात, कारण संस्थेचा त्यांना ठाऊक असलेला चेहरा तेवढा एकच असतो.